वाद भाषेचा, निकाल परीक्षेचा : महाराष्ट्रातील भाषाशिक्षणाच्या इतिहासाची प्रस्तावना

मुंबई इलाख्यातील शिक्षणाचा कारभार पाहण्यासाठी १८४० मध्ये बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन झाले आणि दहा वर्षांच्या आत त्याच्या सभासदांत दोन तट पडले. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा कल इंग्रजीकडे. हाती पैसा थोडा, तेव्हा निवडक मुलांना इंग्रजीतून उत्तम शिक्षण द्यावे, असे त्यांचे म्हणणे. कर्नल जॉर्ज जार्व्हिस यांचे मत नेमके उलटे : विद्या रयतेपर्यंत पोचवायची तर ती रयतेच्याच भाषेतून पोचेल. जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मुकबा हे बोर्डाचे तिन्ही एतद्देशीय सभासद जार्व्हिसच्या बाजूने उभे राहिले. शेवटी तडजोड झाली. खालच्या इयत्ता देशी भाषेत आणि वरचे शिक्षण इंग्रजीत, ही आपल्या परिचयाची उतरंड तेव्हापासून पक्की होत गेली.

भाषाशिक्षणाचा इतिहास शिकवताना हा प्रसंग सांगितला की विद्यार्थी चमकतात. इंग्रज तेवढे इंग्रजीचे आणि देशी तेवढे देशी भाषेचे, असे ते धरून चाललेले असतात. तो समज मोडला, हे बरेच झाले. पण या वादात आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. कोणती भाषा, यावर दोन्ही पक्ष हिरिरीने बोलले. ती भाषा वर्गात कोण शिकवणार, कोणत्या पुस्तकातून आणि मुलाला ती आली हे कशावरून ओळखायचे, हे प्रश्न मात्र वादाच्या कडेला राहिले. आपल्याकडचे भाषेचे बहुतेक मोठे वाद असेच झाले. भाषेचे नाव सभागृहात ठरले आणि तिचे नशीब शिक्षक, क्रमिक पुस्तक आणि प्रश्नपत्रिका या तिघांनी ठरवले. या ग्रंथामागचा विचार एवढाच आहे आणि पुढचे सारे लेखन त्याच्याच भोवती फिरते.

हा ग्रंथ एम.ए. मराठी, बी.एड., एम.एड. आणि भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. हा विषय त्यांच्या वाट्याला येतो तो बहुधा आयोगांच्या यादीच्या रूपाने : १८३५ चे मेकॉलेचे टिपण, १८५४ चा वुडचा खलिता, १८८२ चा हंटर आयोग, १९६४ ते १९६६ चा कोठारी आयोग. यादी पाठ होते, परीक्षा होते, आणि उद्या वर्गात उभे राहणाऱ्याला आपण अमुक एक गोष्ट अशीच का शिकवतो, हे कळत नाही. शब्दांच्या जाती आठच का? धड्याखाली ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’ कुठून आले? मोडी का गेली? या प्रश्नांची उत्तरे इतिहासातच आहेत.

पंतोजीच्या शाळेपासून सुरुवात करावी लागते. तिथे छापील पुस्तक नव्हते. धूळपाटीवर अक्षरे गिरवायची, बाळबोध झाली की मोडीचे वळण घोटायचे, पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, औटकी घोकायची आणि जुनी पत्रे, कागद वाचून दाखवायचे. मोठी मुले लहानांना शिकवीत. ॲण्ड्र्यू बेल याने मद्रासमध्ये हीच रीत पाहून विलायतेत मांडली, लँकेस्टरने तिचा प्रसार केला, आणि पुढे मुंबईत ती नवी विलायती पद्धत म्हणून परत आली. शेजारी संस्कृत पाठशाळेत रूपावली आणि अमरकोश मुखोद्गत होत होता, तर मदरशात फार्सी शिकवली जात होती. प्रत्येक भाषेचे काम वेगळे, शिकणारी जात वेगळी. मुली आणि अस्पृश्य गणलेले समाज या साऱ्याच्या बाहेर. ‘मराठी’ नावाचा स्वतंत्र विषय या व्यवस्थेत नव्हता. हिशेब, पत्र आणि दप्तर यांच्या शिक्षणातच ती सामावलेली होती.

मराठी विषय म्हणून उभी राहिली ती आधी परक्यांसाठी. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्सने कोकणीचे व्याकरण पोर्तुगीजमध्ये लिहिले. त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये ते राशोलला छापले गेले. विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला निघाले, ते मराठी शिकू पाहणाऱ्या इंग्रजांसाठी. त्यानंतर १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी मराठी मुलांच्या हाती व्याकरण दिले, तेव्हा इंग्रजी व्याकरणांचा साचा त्यांच्यासमोर होता. आपण अजून शिकवतो त्या शब्दांच्या आठ जाती त्याच वाटेने आल्या. ज्याला भाषा येत नाही त्याच्यासाठी तयार झालेले साधन, जिला ती घरीच येते अशा मुलीला कसे लागू पडावे, हा प्रश्न कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या व्याकरणविषयक निबंधांपासून १९११ च्या मो. के. दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत वेगवेगळ्या रूपांत डोकावत राहतो. शाळेने मात्र त्याचे उत्तर शोधण्यापेक्षा व्याख्या पाठ करून घेणे पसंत केले.

छापील क्रमिक पुस्तकाची कथाही अशीच गुंतागुंतीची आहे. तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यातून १८०६ मध्येच इसापच्या गोष्टी मराठीत निघाल्या होत्या. मुंबईत १८२२ मध्ये शाळा आणि शाळेची पुस्तके यांसाठी सोसायटी निघाली. गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचा तिला आश्रय होता आणि जार्व्हिस तिचे चिटणीस होते. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीतिकथा’ ही पुस्तके तिथलीच, १८२८ ची. पुस्तक, शिक्षक तयार करणे आणि शाळा ही तिन्ही कामे एका हाताने करण्याचा हा आपल्याकडचा पहिला मोठा प्रयत्न. पुढे मेजर थॉमस कँडी यांच्या देखरेखीखाली सरकारी क्रमिक पुस्तके घडली. विरामचिन्हे मराठीत रुजवण्याचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. मोल्सवर्थचा १८३१ चा कोश आणि कँडींची पुस्तके यांच्यामागे पुण्याच्या शास्त्रीमंडळींची भाषा होती. तीच ‘शुद्ध’ ठरली आणि शाळेत येणाऱ्या बाकीच्या बोली तपासनिसाच्या लाल शाईचा विषय झाल्या.

या चौकटीला सर्वांत नेमके आव्हान दिले ते जोतीराव फुल्यांनी. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षण बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करा असे म्हटले. पण ते तिथे थांबले नाहीत. मोडी आणि बाळबोध लेखनवाचन, हिशेब, व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे आणि आरोग्याचे प्राथमिक ज्ञान असा अभ्यासक्रमच त्यांनी मांडला आणि शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत असा आग्रह धरला. मोडीची मागणी भावनेपोटी नव्हती. खत, फाळणी, कुळकर्ण्याचे दप्तर मोडीत असे. ते ज्याला वाचता येत नाही तो फसवला जाणार, हे त्यांना ठाऊक होते. भाषा, शिक्षक आणि उपयोग यांचा एकत्र विचार करणारा हा दस्तऐवज प्रत्येक विद्यार्थ्याने मुळातून वाचावा.

विद्यापीठाची गोष्ट वेगळ्या अंगाने बोलकी आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि काही वर्षांतच वरच्या परीक्षांतून देशी भाषा गळाल्या. दुसरी भाषा म्हणून अभिजात भाषांना मान मिळाला. परिणाम दुहेरी झाला. मराठी घरची आणि खालच्या इयत्तांची ठरली. आणि पाठशाळेत कधी पाऊल न टाकलेल्या मुलांना परीक्षेपुरती संस्कृत शिकवण्याची गरज निर्माण झाली. रा. गो. भांडारकरांची १८६४ ची ‘मार्गोपदेशिका’ ही ती गरज पुरवणारी होती. सोपे नियम, भाषांतराची वाक्ये आणि पायरीपायरीने चढणारे धडे अशी तिची बांधणी होती. पाठशाळेची घोकंपट्टी बाजूला सारणारे हे पुस्तक परीक्षेच्या पोटी जन्मले, हे लक्षात घ्यावे. न्यायमूर्ती रानड्यांनी देशी भाषांना विद्यापीठात परत आणण्यासाठी दीर्घकाळ पाठपुरावा केला. १९०१ मध्ये ते निवर्तले, त्या सुमारास मराठीला प्रवेश मिळाला तोही एम.ए.च्या पातळीवर. म्हणजे शिखर आधी आणि पायऱ्या मागाहून. महर्षी कर्व्यांच्या १९१६ च्या महिला विद्यापीठाने मातृभाषेतून उच्च शिक्षण देऊन ही उतरंड प्रथम उलटवली. त्याचे महत्त्व भाषाशिक्षणाच्या इतिहासात अजून पुरेसे ओळखलेले नाही.

विसाव्या शतकात पद्धतींचे वारे वाहू लागले. इंग्रजी शिकवायची तर मातृभाषेला वर्गाबाहेर ठेवा, असे सांगणारी प्रत्यक्ष पद्धती मुंबई इलाख्यात आली. शिक्षण खात्यात नोकरी केलेल्या पी. सी. रेनने १९११ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले; हाच पुढे कादंबरीकार म्हणून गाजला. त्याच काळात आणि नंतरही घरोघर मराठी माणूस इंग्रजी शिकला तो तर्खडकर भाषांतर पाठमालेवर. पुढे रचना पद्धती आली, मग संवादकेंद्री पद्धती आली. १९७९ मध्ये एन. एस. प्रभूंनी बंगळुरात व्याकरण न सांगता कृतींमधून इंग्रजी शिकवण्याचा प्रयोग सुरू केला आणि तो जगभर चर्चिला गेला. मराठीच्या बाजूला आचार्य अत्र्यांनी ‘नवयुग वाचनमाले’त मुलांना हसवणारा, गोष्टीवेल्हाळ धडा आणला. ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी बोर्डी आणि कोसबाडला वारली मुलांच्या अंगणात शाळा नेली आणि मुलाच्या बोलीपासून सुरुवात करण्याचा धडा घालून दिला. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी आणि कोल्हापूरला लीलाताई पाटलांनी १९८० च्या दशकात वाचनाचे आणि लेखनाचे शिक्षण वेगळ्या रीतीने करून दाखवले.

या पद्धती एकामागून एक आल्या म्हणून एकीने दुसरीला हटवले, असे मानणे चुकीचे ठरेल. आजच्या कुठल्याही वर्गात गिरवणे, भाषांतर, पाठांतर, संवाद आणि कृतिपत्रिका एकाच तासाला नांदताना दिसतील. परीक्षेला जे चालते ते टिकते. बाकीचे प्रशिक्षणाच्या वहीत राहते.

राज्यनिर्मितीनंतर सरकार हेच भाषाशिक्षणाचे मुख्य सूत्रधार झाले. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम १९६२ मध्ये सरकारने स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडली. न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले आणि दोन पिढ्यांचे लेखन वेगळे दिसू लागले. कोठारी आयोगानंतर २७ जानेवारी १९६७ रोजी पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली ‘बालभारती’, स्थापन झाली आणि राज्यभरातल्या मुलांच्या हाती एकच पुस्तक आले. २००० मध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. सीमेपलीकडे गोव्यात निराळाच ताण होता. १६८४ च्या फर्मानाने तीन वर्षांत लोकांनी पोर्तुगीज शिकावी असे ठरवले होते. मुक्तीनंतर वाद मराठी, कोकणी आणि इंग्रजी माध्यमांचा झाला आणि १९९० व २०११ मधील अनुदानाच्या निर्णयांनी तो दोनदा पेटला. मॉरिशसच्या प्राथमिक शाळांत मराठी पूर्वजांची भाषा म्हणून शिकवली जाते. तिथे मुलाच्या घरी बहुधा क्रिओल असते. मराठीच्या शिक्षणाचा इतिहास म्हणजे महाराष्ट्राच्या शिक्षणखात्याचा इतिहास नव्हे, हे विसरू नये म्हणून ही उदाहरणे.

हा इतिहास लिहिणाऱ्यांच्याही परंपरा आहेत. पहिली चरित्रांची : बाळशास्त्री जांभेकर, दादोबा, चिपळूणकर यांच्या थोरवीतून काळ सांगणारी. अ. का. प्रियोळकरांनी दादोबांचे आत्मचरित्र उजेडात आणून या परंपरेला दस्तऐवजाची बैठक दिली. दुसरी प्रशासनाच्या कागदांची. रा. वि. परुळेकरांनी १८२० ते १८३० या काळातल्या देशी शाळांच्या पाहणीचे कागद संपादित केले, जे. पी. नाईकांनी सय्यद नुरुल्ला यांच्यासह भारतीय शिक्षणाचा इतिहास लिहिला. आकडे, खर्च, शाळांची संख्या यांत ही परंपरा पक्की. वर्गातला आवाज तिच्यात ऐकू येत नाही. तिसरी पद्धतींची : व्याकरण-भाषांतर, प्रत्यक्ष, रचना, संवाद अशी पायरीपायरीने प्रगती मांडणारी. अध्यापनशास्त्राची बहुतेक क्रमिक पुस्तके हिच्यातच मोडतात. चौथी सत्तेचा प्रश्न विचारणारी. गौरी विश्वनाथन यांनी इंग्रजी साहित्याचे शिक्षण आणि वसाहतीचे राजकारण यांचे नाते दाखवले. कृष्णकुमारांनी क्रमिक पुस्तक आणि दुबळा केलेला शिक्षक यांची सांगड घातली. वीणा नरेगल यांनी पश्चिम भारतातील भाषा, अभिजन आणि सार्वजनिक चर्चा यांचा धांडोळा घेतला. अलीकडे प्राची देशपांडे यांनी मोडी, कारकून आणि लेखनव्यवहार यांच्याकडे लक्ष वळवून पाचवी वाट रुंद केली आहे : लेखणी, कागद, वळण आणि कचेरी यांची.

या वाटा एकमेकींच्या शत्रू नाहीत. चरित्राशिवाय माणूस हरवतो, आकड्यांशिवाय प्रमाण हरवते, सत्तेच्या प्रश्नाशिवाय निर्णयाचे कारण हरवते. पण विद्यापीठात बहुतेकदा एकच वाट शिकवली जाते आणि ती कोणती, हे विभागावर अवलंबून असते. मराठी विभागात चरित्रे, शिक्षणशास्त्रात पद्धती, इतिहासात सत्ता. विद्यार्थ्याला तिन्ही विभागांचे दार ठोठावायला लावणे हा या ग्रंथाचा एक हेतू आहे.

त्यासाठी प्रत्यक्ष साधने हाती द्यावी लागतात. म्हणून इथे विवेचनासोबत वर्गात वापरता येतील असे कागद आहेत : जुन्या वाचनपाठांची पाने, मोडीचे कित्ते, प्रश्नपत्रिका, परिपत्रके, तपासनिसांचे शेरे. आत्मकथने आहेत, कारण शिकणाऱ्याची बाजू सरकारी कागदात क्वचित येते. रमाबाई रानड्यांच्या आठवणींत विवाहानंतर अक्षरओळख होणाऱ्या मुलीला घरातल्या बायकांचा विरोध कसा सोसावा लागला ते दिसते. फुल्यांच्या भिडे वाड्यातल्या मुलींच्या शाळेपासून सुरू झालेल्या परंपरेत शिकलेल्या मुक्ताबाईचा १८५५ चा निबंध दाखवतो की ज्यांना अक्षर नाकारले होते त्यांनी ते हाती येताच काय लिहिले. लक्ष्मण मान्यांच्या ‘उपरा’मध्ये कैकाडी बोलणारे मूल मराठी शाळेत येते. अशा पानांशेजारी त्या त्या काळचे क्रमिक पुस्तक ठेवले की चर्चा आपोआप सुरू होते. एक सूचना शिक्षकांना : प्रत्येक जुन्या पुस्तकाला तेच प्रश्न विचारायला लावा. हे कोणाच्या बोलीत आहे? मुलाकडून काय करून घेते : वाचन, घोकणे, नक्कल की स्वतःचे लेखन? शिक्षकाला किती मोकळीक देते? आणि याच्यावर परीक्षा कशी होई?

हा विषय आता तातडीचा झाला आहे. २०२० मध्ये राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा झाला. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पायाभूत शिक्षण घरच्या भाषेतून व्हावे असे म्हटले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. २०२५ च्या उन्हाळ्यात पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याच्या निर्णयावरून राज्य ढवळून निघाले आणि जूनअखेर तो शासननिर्णय मागे घ्यावा लागला. या सगळ्या चर्चांत भाषांची नावे मोठ्याने घेतली गेली. मात्र तिसरीतल्या मुलाला दुसरीचा परिच्छेद वाचता येतो का, आदिवासी पाड्यावरच्या शिक्षिकेला मुलांची बोली येते का, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठीचा तास कोण घेतो आणि त्याचे गुण कुठे धरले जातात, हे १८४० च्या दशकाप्रमाणेच कडेला राहिले. दीडशेहून अधिक वर्षांचा हा सारखेपणा नुसता योगायोग नाही. नाव ठरवणे एका सभेत होते. शिक्षक घडवायला पिढी लागते आणि त्याचे श्रेय कोणाला घेता येत नाही.

या ग्रंथाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. उर्दू शाळांचा, कोकणीच्या आणि अहिराणीच्या शिक्षणाचा, रात्रशाळांचा आणि १९५९ मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेसारख्या प्रौढसाक्षरतेच्या प्रयत्नांचा विचार इथे आहे; पण प्रत्येकाला स्वतंत्र ग्रंथाची गरज आहे. भाषावैज्ञानिक तपशिलात आम्ही मुद्दामच खोल शिरलो नाही. इतिहासाचे विद्यार्थी आणि भाषेचे विद्यार्थी एका बाकावर बसून वाचू शकतील इतकीच परिभाषा ठेवली आहे. इथली मते अंतिम नाहीत. कागद मात्र खरे आहेत, आणि त्यांतून वेगळे निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्याने ते जरूर काढावेत.

शेवटी अपेक्षा एकच आहे. हा ग्रंथ वाचलेले विद्यार्थी पुढे शिक्षक होतील, अभ्यासमंडळांवर जातील, पुस्तके लिहितील, काही प्रश्नपत्रिका काढतील. भाषेविषयीचे नवे परिपत्रक त्यांच्या टेबलावर येईलच. त्या वेळी त्यांनी बाजू घ्यावी, वादही घालावा. त्याआधी मात्र शिकवणारा कोण, पुस्तक कोणते आणि तपासणी कशी, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तर मिळेपर्यंत विषय बंद होऊ देऊ नये.